ॲनॉमली स्कॅनमध्ये डायफ्रॅमॅटिक हर्निया निघाला, गुरुवारी डॉक्टरांना काय विचारू? (पुणे)

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. पहिलंच बाळंतपण, विसावा आठवडा चालू आहे. परवाच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये (बाळाच्या अवयवांतले दोष बघणारी सोनोग्राफी) बाळाला डावीकडचा डायफ्रॅमॅटिक हर्निया आहे असं निघालं. जठर छातीत, हृदयाच्या शेजारी दिसतंय, हृदय उजवीकडे सरकलंय, लिव्हर मात्र जागेवर खालीच आहे. एलएचआर नावाचा एक आकडाही लिहिलाय. सोनोग्राफीवाल्यांनी फीटल मेडिसिनकडे, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञांकडे, पाठवलंय, तिथली वेळ गुरुवारची मिळाली आहे. नेहमीच्या गायनॅक एवढंच म्हणाल्या, "अजून वेळ आहे, घरी बसून विचार करा." कसला विचार, ते काही बोलल्या नाहीत.

घरात तेव्हापासून प्रत्येकजण मोबाईल घेऊन वेगळ्या कोपऱ्यात बसलाय. बाळ वाचण्याचे कुणाला ५० टक्के सापडतात, कुणाला ८०. मला दोनच गोष्टी हव्या आहेत. गुरुवारी नेमकं काय विचारायचं? आणि बाळंतपण कुठे करायचं हे कशावरून ठरवायचं? हॉस्पिटलांची नावं इथे नकोत, व्यनि (खाजगी निरोप) करा. बहीण हा धागा वाचणार आहे.

कोथरूडचा_कट्टा
हर्नियाला काय घाबरायचं ताई! आमच्या काकांचं झालं की. जाळी बसवली, तिसऱ्या दिवशी घरी, आठव्या दिवशी मिसळ.

आद्याची_आई
@कट्टा, काकांच्या हर्नियाचा इथे काही संबंध नाही. राग नाही, पण माझ्या सासऱ्यांनीही हेच वाक्य महिनाभर ऐकवलं होतं.

मुठाकाठ, आमची आद्या आता दुसरीत आहे. डावीकडचाच होता, आम्हालाही स्कॅनमध्येच कळलं. आम्हाला पहिल्या भेटीत कुणीतरी नीट समजावलं म्हणून तग धरला, तेच इथे लिहिते.

छाती आणि पोट यांच्यामधला जो पडदा असतो तो पहिल्या आठ-दहा आठवड्यांत पूर्ण व्हायला हवा. याच्यात मागच्या बाजूला भोक राहतं. त्यातून आतडी, जठर, प्लीहा, कधी लिव्हरसुद्धा वर छातीत जातं. फुप्फुसांना ज्या महिन्यांत वाढायचं असतं त्याच महिन्यांत त्यांची जागा अडते. त्या बाजूचं फुप्फुस लहान राहतं, दुसऱ्या बाजूचंही थोडं मार खातं, आणि आतल्या रक्तवाहिन्या जाड भिंतीच्या होतात. जन्मल्यावर त्यांतला दाब उतरत नाही. खरी लढाई ती. भोक शिवायला काही तास लागतात, फुप्फुसाला आठवडे लागतात. तेव्हा डॉक्टरांशी बोलताना "ऑपरेशन कधी?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा.

शेंगदाणा_चटणी
वाचतेय. तुमच्या बहिणीला खूप शुभेच्छा.

निवांत_रेडिओलॉजिस्ट
रिपोर्ट इथे चिकटवू नका हे आधी सांगतो. चार जण चार अर्थ काढतील आणि पाचवा मी असेन.

एलएचआर म्हणजे हृदयाच्या पातळीवर पलीकडच्या फुप्फुसाचं क्षेत्रफळ मोजायचं आणि डोक्याच्या घेराने भागायचं. गंमत अशी की फुप्फुस डोक्यापेक्षा वेगाने वाढतं, त्यामुळे नुसता आकडा २० व्या आठवड्यात एक सांगतो आणि ३० व्यात दुसरंच. म्हणून त्या आठवड्याला जेवढा असायला हवा त्याच्या किती टक्के आहे, ते विचारा. त्याला 'ऑब्झर्व्ह्ड टू एक्स्पेक्टेड' म्हणतात. डावीकडच्या हर्नियात २५ टक्क्यांखाली गंभीर, २५ ते ३५ मध्यम, त्याच्या वर सौम्याकडे झुकणारा, असा ढोबळ हिशोब आहे. ३५ ते ४५ मध्ये लिव्हर वर असेल तर तोही मध्यमातच धरतात. तुमच्याकडे लिव्हर खाली आहे ही आत्ताच्या घडीला चांगली बातमी.

पण मोजणाऱ्याचा हातही महत्त्वाचा. अशा केसेस नेहमी बघणाऱ्याने पुन्हा मोजलेला आकडा खरा धरा. आणि अजून दोन गोष्टी गुरुवारी नक्की: बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी, म्हणजे फीटल एको, आणि गर्भजलाच्या नमुन्यावर क्रोमोसोम व मायक्रोॲरे, म्हणजे क्रोमोसोमची आणखी बारीक तपासणी. हर्निया एकटाच आलाय की सोबत काही घेऊन आलाय, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

थेट_सदाशिवातून
कमाल आहे. पूर्वी हे स्कॅनबिन नव्हते तेव्हा पोरं होत नव्हती का? नुसतं घाबरवायचे धंदे. आणि असले प्रश्न संकेतस्थळावर विचारायचे?

निवांत_रेडिओलॉजिस्ट
होत होती. सुमारे तीन हजारांत एका बाळाला हे असतं, तेव्हाही असायचं. त्यातली बरीच पहिल्या दिवशीच जायची आणि घरात "श्वासच लागला नाही हो" एवढं सांगून विषय मिटायचा.

कांदेनवमी
सदाशिवकाका दुपारी एक ते चार झोपत नाहीत वाटतं हल्ली.

मुठाकाठ, एक विचारू का? ग्रहणाची चौकशी झाली का घरात? माझ्या जावेच्या बाळाच्या ओठाचं निघालं तेव्हा पंचांग काढून तारखा जुळवल्या होत्या. ती बिचारी ग्रहणाच्या दिवशी ऑफिसात होती, तर म्हणे ऑफिसातल्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी चिरलं असेल.

मुठाकाठ
झाली. 😐 तिच्या आत्तेसासूबाईंनी फोनवर विचारलं. शिवाय "लॅपटॉप पोटावर ठेवायचीस ना?" हेही. बहीण त्या रात्री जेवली नाही.

निवृत्त_बालसर्जन
बहिणीला माझ्यातर्फे सांगा: तो पडदा मिटायचा राहतो तेव्हा बहुतेक बायकांनी दवाखान्यात नावसुद्धा घातलेलं नसतं. लॅपटॉप, चिरणं, जिना चढणं, यातलं काहीही कारण नाही. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतच नाही. क्रोमोसोममध्ये किंवा जनुकात काही निघालं तर गोष्ट वेगळी. एकट्या हर्नियात पुढच्या बाळाला होण्याची शक्यता साधारण १ ते २ टक्के धरतात.

आता आलोच आहे तर थोडं जुनं सांगतो, म्हातारपणाची सवय. तुमच्या बहिणीच्या बाळाला जो आहे, तो मागच्या-बाहेरच्या बाजूचा, त्याला बोखडालेक म्हणतात. प्रागमधले शरीररचनातज्ज्ञ, १८४८ साली त्यांनी वर्णन केलं. ८० ते ८५ टक्के वेळा डावीकडे. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४६ साली बोस्टनमध्ये जन्मून २४ तासही न झालेल्या बाळावर हे ऑपरेशन यशस्वी केलं, आणि मग पुढची तीन-चार दशकं आम्ही सर्जन मंडळी रात्री-अपरात्री धावत जाऊन ही पोरं टेबलावर घेत होतो. आतडी खाली ओढली की फुप्फुस फुलेल, अशी समजूत. फुलायचं नाही. छोटं होतं ते छोटंच. काही वेळ बाळ छान दिसायचं आणि मग दाब वाढून घसरायचं. ऐंशीच्या दशकापासून हळूहळू उमगलं की आधी बाळ स्थिर करायचं, मग शिवायचं. आता कुणी सर्जन जन्मल्या-जन्मल्या सुरी घेऊन आला नाही तर तो आळशी आहे असं समजू नका.

सिस्टर_नाईट_ड्यूटी
सरांचं शेवटचं वाक्य छापून आमच्या एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दारावर लावायला पाहिजे. "बाळ काचेत ठेवलंय, ऑपरेशन का करत नाहीत, पैसे उकळतायत" हे आम्ही दर वेळी ऐकतो.

मुठाकाठताई, जन्मल्यावर काय होतं ते सांगते, म्हणजे त्या दिवशी बघून धक्का बसणार नाही. बाळाचं पोट आत गेलेलं दिसतं, कारण आतलं सामान वर असतं. बाळाला मास्क लावून हवा द्यायची नाही. ती हवा जठरात आणि आतड्यांत जाते, ती छातीतच आहेत, फुगली की फुप्फुस आणखी दाबतात. म्हणून बहुतेक वेळा लगेच श्वासनलिकेत नळी घालतात. तोंडातून जठरात दुसरी नळी, ती सतत हवा ओढून घेते. व्हेंटिलेटर अगदी हलक्या दाबावर. कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त राहिला तरी चालवून घेतात, कारण आकडे सुंदर करायच्या नादात तेवढंसं फुप्फुस फाटतं. ऑक्सिजनचा प्रोब उजव्या हाताला असेल. तिथे ८५-९० दिसलं म्हणून आरडाओरडा करू नका, सुरुवातीला तेवढं चालतं.

आणि हात कमी लावू देतात. आई-बाबांना हे फार लागतं. पण ही बाळं आवाजाने, हाताळण्यानेसुद्धा बिघडतात.

टक्के_वारी
मुद्द्याचं विचारतो. एका मोठ्या हॉस्पिटलात माझ्या मित्राला ८५ टक्के बाळं वाचतात सांगितलं, दुसऱ्याने निम्मी सांगितली. कोण खोटं बोलतंय?

निवृत्त_बालसर्जन
बहुधा कुणीच नाही. भागाकारात खाली कोण आहे ते विचारा. "आम्ही ऑपरेट केलेल्या बाळांपैकी" म्हटलं की जी बाळं ऑपरेशनपर्यंत पोचलीच नाहीत ती हिशोबातून गेली. "आमच्याकडे आणलेल्या बाळांपैकी" म्हटलं की वाटेत गेलेली गेली. दोन दिवसांचं बाळ साताऱ्याहून ॲम्ब्युलन्समधून पुण्यात जिवंत पोचलं, यातच त्याचं फुप्फुस बरं होतं हे सिद्ध झालं. असं बाळ वाचवल्याचं श्रेय आम्ही घेतोच, पण निम्मं त्याचं स्वतःचं असतं. उलट जिथे पोटात निदान झालेल्या सगळ्या बायकांचं बाळंतपण होतं, तिथे अवघड बाळंही मोजली जातात आणि टक्का खाली दिसतो. कमी टक्का सांगणारी जागा जास्त चांगली असू शकते.

म्हणून गुरुवारी असं विचारा: गर्भातच निदान झालं, बाळंतपण इथेच झालं, आकडा आमच्यासारखा होता, अशा बाळांपैकी किती घरी गेली?

टक्के_वारी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्युच्युअल फंडवाले असंच करतात, बंद पडलेल्या योजना तक्त्यातून गायब.

लंडनहून_पुणेकर
कुणी फीटोबद्दल बोललं नाही म्हणून लिहितोय. पोटातल्या बाळाच्या श्वासनलिकेत दुर्बिणीतून छोटा फुगा बसवतात. फुप्फुसातला द्रव बाहेर पडत नाही आणि त्या दाबाने ते वाढतं. फुगा २७ ते २९ आठवड्यांत बसवून ३४ व्यात काढतात. लूव्हेनच्या यान डेप्रेस्ट यांच्या गटाची टोटल नावाची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. डावीकडच्या गंभीर हर्नियात घरी गेलेली बाळं ४० टक्के, फुगा न बसवलेल्यांत १५.

आद्याची_आई
आम्हीही यावर रात्री जागवल्या होत्या. पण त्याच चाचणीच्या मध्यम गटात ६३ विरुद्ध ५० आले आणि तो फरक ठाम म्हणता येण्याजोगा नव्हता, हेही सांगा. शिवाय फुगा बसवल्यावर बाळंतपण लवकर होण्याचं प्रमाण वाढतं. आणि फुगा आत असताना कळा आल्या तर तो तातडीने काढणारी माणसं जवळ लागतात. भारतात मोजक्या ठिकाणी करतात. लिव्हर खाली आणि आकडा बरा असेल तर बहुधा तो प्रश्न येणारच नाही.

लंडनहून_पुणेकर
मान्य. मी गंभीरसाठीच म्हणत होतो.

वकिलीण_बाई
"कसला विचार" हे गायनॅक बोलल्या नाहीत, ते मी बोलते. कुणी चिडलं तरी चालेल. गर्भपाताचा पर्याय आहे की नाही, असा त्याचा अर्थ. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, ठरावीक गटातल्या स्त्रियांना २४ पर्यंत दोघांचं. गर्भात गंभीर दोष आहे असं राज्याच्या वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर २४ ची मर्यादा लागू नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच.

आजोळ
शी! ती मुलगी हे वाचणार आहे असं वर लिहिलंय. काय गरज होती? देवावर भरवसा ठेवा, सगळं नीट होतं.

अनामिक_वाचक
गरज होती. आम्हाला हे कुणी स्पष्ट सांगितलं नाही, सगळे "विचार करा" म्हणत राहिले. आमच्या बाळाचं लिव्हर वर होतं आणि गर्भजलात १८ व्या क्रोमोसोमची ट्रायसोमी (दोनऐवजी तीन प्रती) निघाली. आम्ही गर्भारपण थांबवायचं ठरवलं. सगळ्यांनी तेच करावं असं मी म्हणत नाही. पण पूर्ण माहिती हातात असताना ठरवलं, त्यामुळे पुढे एकमेकांच्या तोंडाकडे बघता आलं. देवावर भरवसा आमचाही होता.

मुठाकाठ
अनामिक, मनापासून आभार. वकिलीणबाई, तुमचेही. बहिणीने वाचलंय. ती म्हणाली, आजोळ यांना सांग मला राग नाही आला, पण अर्धवट ऐकण्यापेक्षा हे बरं.

हिशोबनीस
पैशांचं कुणीच बोलत नाही. एनआयसीयूत काही आठवडे, व्हेंटिलेटर, लागला तर नायट्रिक ऑक्साइड गॅस, ऑपरेशन. बिल दिवसागणिक चढतं. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर बाळ पहिल्या दिवसापासून धरलं जातं का, आणि जन्मजात दोष धरतात का, हे एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी "हो हो, असतं" चालत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड-आधार घेऊन त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आत्ताच भेटा. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्याचे कागद समाजसेवा विभागात. हे सगळं बाळ काचेत असताना धावत करायचं काम नव्हे.

कोथरूडचा_कट्टा
मी गप्प वाचत होतो. नायट्रिक म्हणजे ते ॲसिडवालं?

निवृत्त_बालसर्जन
नाही हो. नायट्रिक ऑक्साइड हा वायू, श्वासातून देतात, फुप्फुसाच्या वाहिन्या सैल करतो. पण चमत्कार समजू नका. १९९७ साली याच बाळांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात मृत्यू किंवा एक्मो लागणं कमी झालं नाही. एखाद्या बाळाला फायदा होतो, म्हणून वापरून बघतात. नाही झाला तर बंद करायला हवा. एक्मो, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम काही दिवस यंत्राने करणं, आपल्याकडे नवजातांसाठी फार थोड्या ठिकाणी होतं.

बाळंतपण कुठे, याचं माझं उत्तर सरळ आहे. नवजात-तज्ज्ञ, बालसर्जन आणि बाळंतपणाची खोली एकाच इमारतीत. फीत कापलेला चकचकीत विभाग बघू नका. मध्यरात्री तिथे कोण असतं ते विचारा. बाळाला जन्मल्यावर हलवण्यापेक्षा आईला आधी हलवा.

सिस्टर_नाईट_ड्यूटी
अगदी. वाकडहून हडपसरला संध्याकाळी सहाला नवजात बाळ न्यायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

थेट_सदाशिवातून
माझ्या पुतण्याच्या मुलाचं असंच काहीसं होतं, आत्ता आठवलं. सात-आठ महिन्यांचा असताना. सारखा खोकला, तालुक्याच्या गावी न्यूमोनिया म्हणून उपचार. मग पुण्यात फोटो काढला तर छातीत आतडी. जन्मतः कुणालाच कळलं नाही. पोरगं आता इंजिनियरिंगला आहे. हे तेच का?

निवृत्त_बालसर्जन
तेच. उशिरा कळणाऱ्यांची फुप्फुसं बहुतेक चांगली असतात, त्यामुळे ती बहुधा उत्तम होतात. धोका वेगळाच: एक्स-रेत आतड्यातली हवा दिसते आणि घाईत कुणी फुप्फुसाबाहेर हवा साठली समजून छातीत नळी घालतो, ती जाते आतड्यात. जठरात नळी घालून पुन्हा एक फोटो काढला की उलगडा होतो. तुमच्या पुतण्याच्या डॉक्टरांना शाबासकी.

थेट_सदाशिवातून
कळवतो पुतण्याला. धाग्याबद्दलचं मघाचं मत तूर्त राखून ठेवतो.

कांदेनवमी
नोंद घ्या मंडळी, सदाशिव पेठेतून तूर्त!

मुठाकाठ
गुरुवार झाला. थोडक्यात सांगते. पुन्हा मोजलं, अपेक्षेच्या ४१ टक्के. लिव्हर खालीच. हृदयाची रचना ठीक आहे. गर्भजलाचा नमुना दिलाय, मायक्रोॲरेची वाट बघतोय. डॉक्टरांनी सौम्य म्हटलं, पण "सौम्य म्हणजे सोपं नव्हे" हेही. सरांचा भागाकाराचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. डॉक्टर आधी हसले, मग वही काढून आकडे दाखवले. बाळंतपण तिथेच, शक्यतो ३९ व्या आठवड्याच्या आसपास. सिझर हवंच असं नाही, हर्नियामुळे त्याचा वेगळा फायदा दिसलेला नाही म्हणाले. पाणी वाढतंय का ते दर भेटीत बघणार, कारण त्याने कळा लवकर येऊ शकतात. बहीण नवऱ्याबरोबर बसून म्हणाली, पुढे जायचं.

आद्याची आई, घरी आल्यानंतरचं सांगाल का?

आद्याची_आई
बरं वाटलं वाचून. घरी आल्यावर श्वासापेक्षा दुधाने जास्त पिडलं. ही बाळं खूप ओकतात, पोटातलं वर येतं, वजन चढत नाही. आद्याला सुरुवातीला नाकातल्या नळीने माझंच काढलेलं दूध द्यायचो. कानांची तपासणी पुन्हा पुन्हा करा. एकदा पास झाली तरी पुढच्या वर्षांत ऐकू येणं कमी होऊ शकतं. भोक मोठं असल्याने पॅच लावला होता, मुलगी वाढते, पॅच वाढत नाही, त्यामुळे पुन्हा फाटण्याची शक्यता लक्षात ठेवून एक्स-रे. अचानक हिरवी उलटी झाली तर वाट न बघता हॉस्पिटल, आतडं अडकलेलं असू शकतं. पाठीचा कणा आणि छातीचा आकारही बघत राहतात.

शनिवारी पर्वती चढते. मध्ये थांबते, पण ते खाली भेळ कबूल करून घेण्यासाठी.

आजोळ
देव आहे. डोहाळजेवण करणार ना?

मुठाकाठ
त्यावरून घरात दोन तट आहेत. आई म्हणते करायचं, सासर म्हणतं आधी सगळं नीट पार पडू दे. बहीण म्हणते हिरवी साडी आधीच घेऊन झालीय.

शेंगदाणा_चटणी
साडी घेतली म्हणजे निकाल लागला.

सिस्टर_नाईट_ड्यूटी
डोहाळजेवण करा, पण त्याआधी दोघांनी एनआयसीयू आतून बघून या. विचारलं तर बहुतेक ठिकाणी दाखवतात. आणि दूध काढायचा पंप आधीच घेऊन ठेवा. बाळ नळीवर असताना बाळंतिणीचं दूध आटतं आणि मग सगळी धावपळ. बाळंत झाल्यापासून काही तासांतच काढायला लागायचं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

मुठाकाठ
पंप भाड्याने मिळतो का? साधा हाताचा चालेल का?

सिस्टर_नाईट_ड्यूटी
इतके दिवस हाताच्या पंपाने निभत नाही, दोन्ही बाजूंचा विजेवरचा बघा. भाड्याने मिळतात, व्यनि करते. बाटल्यांवर तारीख-वेळ लिहायला मार्कर आणि चिकटपट्टी पिशवीत टाका, ती कुणाकडेच नसते.